पडायचं कसं

ट्रिग्वीची उजवी करंगळी सरळ होत नाही.
कप धरला की बाकीची बोटं कपापाशी
आणि ती एकटी खिडकीकडे.
तीनदा मोडली. दोनदा चेंडूने,
एकदा माझ्या बुटाने.
(तो म्हणतो, बर्फावर घसरलो होतो.
त्याच्या आठवणीत मी बरा माणूस आहे.)

सूवुरॉय बेटावर मैदान धक्क्याला लागून.
जोरात मारलेला चेंडू थेट समुद्रात.
म्हणून दर सामन्याला होडीत एक पोरगा बसायचा
जाळं घेऊन, लोकरीच्या टोपीत कान कोंबून.
नऊ वर्षांचा ट्रिग्वी तो पोरगा.
एका चेंडूमागे एक क्रोन.
पाण्यावर डोलणारी वस्तू हलकेच उचलायची सवय
त्याला तिथली.

पुढे एकोणीस वर्षं गोलात उभा राहिला.
सकाळी मासळीच्या कारखान्यात सुरी,
संध्याकाळी हातमोजे,
वास दोन्हींना एकच.
देशाकडून चार सामने. खाल्लेले गोल सव्वीस.
आमच्याकडे आकडे लपत नाहीत,
बेकरीतली सन्निवासुद्धा पाव बांधता बांधता सांगते.

मी पलीकडच्या गावाचा.
आम्हाला पेनल्टी मिळाली तेव्हा वारा असा
की चेंडू ठिपक्यावर ठरेना.
त्यासाठी आमच्याकडे एक मुभा आहे:
कुणीतरी पालथं पडून चेंडूला बोट लावून ठेवायचं.
चेंडूलाही वाऱ्यावर सोडायचं नाही.
मी पालथा. तोंडात ओलं गवत.
तिथून गोलकीपर फार उंच दिसतो.
आमचा हॅनुस धावत आला, मारला,
आणि ट्रिग्वी आधी पडला,
मग चेंडू त्याच्याकडे गेला.
मी आजही शपथेवर सांगेन, याच क्रमाने.

आता आम्ही एकाच बोटीत.
बचाव पथकाची नारिंगी बोट; पगार नाही,
उशाशी वाजणारं यंत्र, दाराशी तयार बूट.
नोव्हेंबरात एका रात्री
इंजिन बंद पडलेली नाव खडकाकडे सरकत होती.
पाण्यात दोघे.
ट्रिग्वी कमरेपर्यंत बाहेर वाकला,
मी त्याचा पट्टा धरून पालथा,
पुन्हा मीच पालथा.
एक जण हाती लागला, कॉलरला.
दुसऱ्याचा
हातमोजा आला.

परतताना तो बोलला नाही.
मोठ्या पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये असाच बसायचा म्हणे,
हात मांडीवर, तळवे वर.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये तो पोरांना शिकवतो,
चेंडू धरायला नाही, पडायला.
"हात टेकू नकोस. आधी पोटरी, मग मांडी, मग खांदा.
जमीन ओळखीची आहे आपल्या."
सात वर्षांची मार्यून पडते, उठते,
गुडघा झटकून विचारते,
"आणि चेंडू?"
"चेंडू पुढच्या वर्षी."

शनिवारी तो जातो
त्या दुसऱ्या पोराच्या आईकडे.
छपराची पन्हळ साफ करतो,
मेंढ्यांच्या कुंपणाची तार ताणतो,
आत बसत नाही.
तीही आग्रह करत नाही.
दारातच रुबार्बच्या मुरंब्याची बरणी पुढे करते,
अजून कोमट.
तो दोन्ही हातांनी घेतो, छातीशी घट्ट,
अंगाचं मुटकुळं करून,
जणू कुणी मागून धावत येतंय.
करंगळी तेवढी बाहेर.