साडेचार इंची

मगदूमांच्या दुकानात, उद्यमनगरात,
बैल निवडायला आल्यासारखा उभा आहे.
फरक एवढाच, बैलाचे दात बघता येतात,
हिऱ्याच्या पात्याला दातच नसतात.

भूपालआण्णा विचारतात, "झिरी कशात मारायचीय?"
या धंद्यात हाच एक प्रश्न खरा.
कंपनी, वॉट, गॅरंटी
सगळं त्याच्या मागनं येतंय.

ग्राइंडर माझ्याकडं आहे. चार इंची, एका पात्याचा.
एक रेघ मारा, मग शेजारी दुसरी,
हात हलला की दोघी
एकमेकींकडं पाठ करून जातात.
आणि धूळ.
गणू कुंभार तीस वर्षं माझ्याबरोबर होता,
तोंडाला रुमाल, तोही घाम पुसायलाच जास्त.
आता घाटाच्या पायऱ्या मोजून चढतो.
सहावीवर बसतो.
नदी बघायला बसलोय म्हणतो.

आण्णांकडं हॅमर आहे, भाड्याचा, जुना, इमानी.
कळंब्याला एका बंगल्यात त्यानं
काळ्या दगडातनं वाट काढून दिली होती.
पण ही भिंत दगडाची नाही.
ही फुलेवाडीची, तिसऱ्या स्टॉपामागची,
हिंदुराव आणि बळवंतराव पोवारांच्या मधली.
वाटणी झाली तेव्हा दिवाणखान्यात उभी केलेली,
साडेचार इंची, एका विटेच्या रुंदीची,
इतक्या घाईत की विटा पुऱ्या भिजवल्याही नव्हत्या.
आता मीटर वेगळे.
हिंदुरावांना या भिंतीत एक पाइप हवाय, दोन बोर्ड.
हॅमर लावला तर पलीकडं
बळवंतरावांच्या कपाटातल्या कपबश्या बोलायला लागतील
आणि मला कोर्टात साक्षीला जावं लागेल.

"मग चेझर," आण्णा म्हणाले.
दोन पाती, खोलीला खटका,
मागं धूळ ओढायची नळी.
विकत घ्यायचा तर माझी दोन महिन्यांची कमाई.
मी म्हणालो, चेझर एका दिवसाला भाड्यानं द्या.
व्हॅक्युम विकत.
आण्णांनी चष्म्यावरनं बघितलं.
गिऱ्हाईक उलटं मागतं.
दारात तौसिफ उभा होता, एकोणीस वर्षांचा,
एका दमात चौकापर्यंत शिट्टी वाजवणारा.
कारण मी सांगितलं नाही.

पेन्सिलनं उभी रेघ ओढली. आडवी नाही,
आडव्या झिरीवर असली भिंत गुडघ्यात मोडते.
खटका पंचवीस मिलिमीटरवर.
यंत्र लागलं आणि दोन रेघा
शेजारी शेजारी, न भांडता, खाली उतरल्या.
मधेच पलीकडनं दोन टकटक.
मी बंद केलं.
"हातभर खाली माझी खुंटी आहे," आवाज आला,
"लांब खिळ्याची. बघून."
अकरा महिन्यांत भिंतीच्या या बाजूला आलेलं
हे पहिलं वाक्य, असं हिंदुरावांची बायको नंतर म्हणाली.
हिंदुराव भिंतीलाच म्हणाले,
"हात लावून बघ. कंप येतोय?"
पुन्हा चालू केलं, थांबवलं.
"येतोय. बारीक.
मांजर झोपेत घुरघुरतंय तसा."
"मग राहू दे हात."

मधली वीट छिन्नीनं काढली,
कानातला मळ काढावा तशी.
संध्याकाळी गिलाव्याच्या पैशांवरनं
दोघांची पुन्हा वाजलीच,
एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी, मोठ्यानं.
आम्ही आवरलं.
सातच्या आत चेझर पोचला नाही
तर आण्णा दुसरा दिवस लावतात.

व्हॅक्युमची पिशवी तौसिफनं हातावर तोलली.
लाल, मऊ, सव्वा किलो तरी असेल.
"एवढी?" म्हणाला,
आणि शिट्टी वाजवत पुढं गेला.