ठिपका

सात घोडी, दोन खेचरं, एक शिंगरू.
संकेश्वरच्या दवाखान्यामागे, टाकीच्या सावलीत
पहाटेपासून बांधलेली.
वीटभट्टीवरचं तिसरं खेचर सोमवारी मेलं,
नाकातून पिवळं गळत, मागच्या पायावर गाठींची माळ घेऊन.
म्हणून ही रांग.

मास्कमधून मी नावं विचारते.
फॉर्म कन्नडात, निम्मे मालक मराठीत.
वय, रंग, खूण, काम.
काम: विटा. काम: वरात. काम: शर्यत.
दस्तगीर मुजावर म्हणतो,
"हिचं काम लिहू नका ओ बाई, ही नुसती संगं असतीया."
घोडीचं नाव लवंगी.
मी शर्यत लिहिते.

अंगठ्याने मानेची शीर दाबली की ती दोरासारखी फुगते.
सुई गेल्यावर कातडी थरथरते, माशी बसल्याएवढीच.
नळी भरत जाते,
हातमोज्यातूनही ऊन लागते.
दस्तगीर खांद्यावरच्या टॉवेलने तिचं नाक पुसतो.
"पुसू नका! माणसाला लागतं हे."
तो टॉवेलची घडी घालतो,
परत खांद्यावर टाकतो.
"तीस वर्षं पुसतोय की."

मग त्यालाही सरकारी दवाखान्यात धाडलं,
रक्त द्यायला.
तिथल्या फॉर्मवर कामाचा रकाना नव्हता म्हणे.

नळ्या तिरक्या ठेवल्या.
तासाभराने वर पाणी सुटलं, पातळ काकवीसारखं,
खाली रक्त थिजलेलं.
वरचं तेवढं घ्यायचं.
थर्माकोलचा डबा, बर्फ, चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझी सही.
रात्रीच्या बसने बेंगळुरू, तिथून पुढे उत्तरेला.

तिथे काय होतं ते मी एकदा पाहिलंय, ट्रेनिंगला.
शहाण्णव खळग्यांची पट्टी, पड्डूच्या तव्यासारखी,
पण खळग्यात करंगळीचं नखही मावू नये.
सगळ्यात शेवटी घालतात मेंढीच्या रक्तातल्या पेशी.
रोग नसला तर त्या फुटतात,
खळगा लालभडक, आरपार, कोकमासारखा.
रोग असला तर फुटत नाहीत.
शाबूत राहतात, हळूहळू तळाशी येऊन बसतात:
एक ठिपका,
टाचणीच्या डोक्याएवढा.
मला वाटलं होतं, हे उलट असायला हवं.
फुटलं ते वाईट, शाबूत राहिलं ते बरं.
सर म्हणाले, वाटण्याचा रकाना नाही इथे.

अकरा दिवस.
जनावर हलवायचं नाही, असा कागद निघाला.
दस्तगीरचा रोज फोन.
"रविवारी गडहिंग्लजला मैदान हाय.
आठ कोस बी न्हाई. चौकीवर सोडतील का?"
सोडणार नाहीत.
"बरं. उद्या करतो फोन."

बाराव्या दिवशी मेल.
चार नंबर, लवंगी: नाही.
बाकीच्यांना नाही, नाही, नाही.
सात नंबर, पांढरी, वरातीची,
ईरण्णा कमतगीची मल्लिगे.

मी वाक्य कन्नडात घोकून गेले होते,
तरी तोंडातून पॉझिटिव्ह एवढंच आलं.
ईरण्णाचा चेहरा सैल झाला.
"छलो आतल्ल री," म्हणाला. बरं झालं.
मग मला दुसरं वाक्य बोलावं लागलं.
आणि तिसरं: खड्डा, चुना, इंजेक्शन,
भरपाईचा अर्ज कुठे मिळेल ते.
त्याने सगळं ऐकलं.
मग आरशांच्या झुलीकडे बोट दाखवलं:
ही पण जाळायची?
ही पण.
किती नवरे बसले असतील, तो मोजायला लागला,
साठाच्या पुढे चुकला, पुन्हा सुरू केलं.

टाकीपाशी दस्तगीर उभा,
लवंगीचा कासरा मनगटाला गुंडाळून.
तिला न्यायला मोकळा होता, नेत नव्हता.
खांद्यावरचा टॉवेल नवा दिसला.
"बाई," त्याने लांबूनच विचारलं,
"माझं कधी येतंय?"