खरा मजकूर

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात, रेकॉर्डच्या मागच्या खोलीत,
मे महिनाभर यंत्राची परीक्षा चालली होती.
साक्ष ऐकून ते आपोआप टाइप करणार,
मग त्याचा कागद आणि माझा कागद
शेजारी ठेवायचे, शब्दाला शब्द.
माझ्या कागदाचं नाव 'खरा मजकूर'. फॉर्मवरच छापलेलं.
सव्वीस वर्षांत एवढं कोणी म्हटलं नव्हतं मला.

निकाल लागून गेलेल्या खटल्यांतल्या साक्षी
पुन्हा वदवून घेतल्या: शिपाई देवाजी उईके,
कँटीनची रुख्माबाई, पार्किंगवाला अश्फाक.
शंभर रुपये आणि एक प्लेट तर्री-पोहे.

देवाजी म्हणाला, म्या पायलं.
यंत्रानं लिहिलं, माया, पायल.
दोन बाया उगाच घटनास्थळी हजर.
पुण्याचा निनाद हसला नाही, वहीत मांडत राहिला.

कूलर बंद केला तर पंचेचाळीस अंशांत जीव जायचा,
सुरू ठेवला तर त्याची घरघर
यंत्राला 'होय' ऐकू यायची.
रुख्माबाई आपलं वाक्य विसरून गप्प बसली,
पडद्यावर: होय. होय. होय.
म्हटलं, हे मोठ्या अक्षरात लिही बाबा,
असल्या एका 'होय'वर माणूस दहा वर्षं आत जातो.

'काहून मारलं बे?' चं त्यानं 'कानून मारलं' केलं,
तेव्हा सगळे हसले. देवाजी सोडून.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं त्याला शिकवून पाठवलं.
आता पडद्यावर नीट उमटलं:
म्या त्याले वावरातच पायलं साहेब.
मी माझा कागद शेजारी ठेवला:
मी त्याला शेतातच पाहिले.
पाच शब्द, पाच चुका.
नियमाप्रमाणे, यंत्राच्या.

साहेब सांगायचे, मी टाइप करायची.
साहेब घाईत असले की माझी मीच.
वावर घेऊन आलेला माणूस शेत घेऊन जायचा,
'लय भेव वाटलं' चं नुसतं 'भीती वाटली'.
कोणी सांगितलं नव्हतं. कागद नीटनेटका दिसावा, बस.
घरी पोराला मीही विचारते, काहून रे उशीर?

कळमेश्वरची एक बाई म्हणाली होती,
तो आंगावर आला.
मी लिहिलं, जवळ आला.
त्या खटल्याचा निकाल मला पाठ आहे.
तो इथं लिहीत नाही.

निनाद पेन धरून थांबला. मॅडम, कोणतं खरं धरू?
म्हटलं, चुका माझ्या नावावर मांड.
तसा रकानाच नाही म्हणाला.
मग आखून घे.
पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, डावीकडच्या,
जरा ओढून काढावी लागते.