किंमत उभी, मागणी आडवी

डिंगणकर मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
किंमत उभ्या अक्षावर, मागणी आडव्या.
का, ते विचारू नका, रिवाज आहे.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी वहीत तारीख टाकली.

बार्शीला बारावीपर्यंत
‘इतर परिस्थिती स्थिर असताना’
हे पाठ करायचं वाक्य होतं, दोन गुणांचं.
इथं तेच लॅटिनमधून येतं
आणि पंख्याखाली सगळे माना डोलावतात,
जणू परिस्थिती खरंच बसून राहिलीय
कट्ट्यावर, आपला चहा संपेपर्यंत.

दुसऱ्या सत्राचा प्रकल्प:
कुठल्याही एका वस्तूचा मागणी वक्र,
वीस जणांना विचारून.
मी मेस घेतली. नवी पेठेतली, ढमढेरे काकूंची,
जिथं जूनपासून ताट दहा रुपयांनी वाढलंय
आणि रविवारची बासुंदी
शिकरणीवर आलीय, कुणी काही न बोलता.

कागद घेऊन रांगेतच विचारत गेले.
सत्तरला जेवाल? ऐंशीला? नव्वदला?
एक स्पर्धा परीक्षावाला म्हणाला,
‘वरीलपैकी एकही नाही’ असा पर्याय आहे का?
काकू डाव आपटत म्हणाल्या,
अगं, एकदा शंभर लिही की,
बघू तरी काय म्हणतात.

जस्मिन तडवीला शेवटी विचारलं,
खोलीतला दिवा घालवल्यावर.
यावलची. दुपारी तिचं ताट
माझ्या ताटाला लागून असतं.
ऐंशीला?
ऐंशी तर आत्ताच आहे, म्हणाली.
मग कूस बदलून:
म्हणून तर मी रात्री अभ्यासिकेत असते.

आणि मी घरी फोनवर सांगत होते,
माझी रूममेट फार अभ्यासू आहे.

वक्र सुरेख आला, पुस्तकातल्यासारखा
डावीकडून उजवीकडे उतरणारा.
फक्त ऐंशीपाशी जरासा आत सरकतो,
एका रात्रीच्या जेवणाएवढा.
तो ठिपका मी पेन्सिलीनं काढला,
खोडला,
मग पेननं काढला.

दहापैकी आठ. खाली मॅडमचा शेरा:
नमुना फार लहान आहे.

त्या रात्री दोन पोळ्या रुमालात बांधून आणल्या
तर जस्मिन भडकली.
पोळ्या सकाळपर्यंत टेबलावर, कडक.
दोन दिवस बोलणं नाही.
तिसऱ्या रात्री पुस्तकातून मान वर न काढता:
आज भाजी कसली होती?
दुधीची, म्हटलं.
मग सुटले, म्हणाली.