पस्तीस नंबरचं जाकीट

बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर
मुर्तझाभाई बर्फाचे कपडे भाड्याने देतात.
दिवसाला दोनशे, अनामत वेगळी,
फाटलं तर फाटल्याचे वेगळे.
फाटलेलं मी शिवते.

मार्चअखेर सगळी परत येतात,
गाठोडी होऊन, रिक्षातून.
बाहेर सदतीस, वर पत्रा तापलेला,
आणि मी मांडीवर गुलमर्ग घेऊन बसते.

आधी खिसे.
सुईत दोरा ओवायच्या आधी खिसे, हा नियम माझाच.
केशराची काडी चिकटलेला कागदी रुमाल.
लिफ्टचा पास, चेनीला अजून लोंबणारा.
हॉटेलचा इवलासा साबण, देवदाराच्या आकाराचा,
अंगाला लावायला जीव होऊ नये इतका देखणा.
बिल : दोन कप हॉट चॉकलेट, अकराशे चाळीस.
ते मी मुर्तझाभाईंना दाखवलं.
म्हणाले, ‘मालन, आपण भाडं कमी लावतो.’

असं होत होत ते हॉटेल मला पाठ झालं.
कुणाच्या खिशात घडीचं माहितीपत्रक,
कुणी ढापलेल्या लोकरी सपाता,
एका पोरानं तर दाराला अडकवायची पाटी आणली :
‘कृपया झोपमोड करू नये.’
शेकोटी लॉबीच्या मधोमध, चारी बाजूंनी काच.
स्की ठेवायची खोली जिन्याखाली, बूट गरम करून मिळतात.
न्याहारी साडेदहापर्यंत.
खिडकीतून शिखर दिसतं, जास्त पैसे मोजले तर.
मी तिथं बारा हिवाळे राहिलेय
आणि एकदाही घसरले नाही.

सहकारनगरचे टिल्लू जिन्यावरूनच ओरडत आले,
‘अहो, काय पडलो! काय पडलो!
पोरं उभी राहून बघत होती मला!’
मी पँटचं बूड पाहिलं. कोरं.
खिशात पूर्ण सोडवलेलं शब्दकोडं
आणि बाकरवडीचा चुरा.
बोलले नाही काही. अनामत पूर्ण दिली.
शेकोटीजवळची खुर्ची चांगलीच असणार.

चौतीस आणि पस्तीस मात्र जोडीनं गेली होती.
एक मोठं निळं, एक लहान, मोतिया.
मोठं आलं ते धुराचा वास घेऊन,
कोपराला चीर, कॉलरवर घामाचं मीठ.
लहान आलं ते माझ्याच घडीत.
बाहीत मी ठेवलेली डांबरगोळी तशीच.
सवयीनं खिशात हात घातला तर
खोलीचं कार्ड. तीनशे बारा.
घडी न मोडता, अलगद,
बोटांच्या टोकांनी सरकवल्यासारखं :
तुझं तुझ्याकडे असू दे.

मुर्तझाभाईंनी वही काढली.
भाडं दोन्हींचं भरलेलं, सहा दिवसांचं.
‘न वापरलेल्याचे परत द्यायचे का गं?’
विचारा, म्हटलं.
त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस
आधी हो म्हणाला, मग बराच वेळ काहीच नाही,
मग म्हणाला, ‘नको. वापरलं की ते.’

चीर मी शिवली. निळा दोरा नेमका मिळेना,
तुळशीबागेपर्यंत जाऊन आले.
एवढ्या बारीक टाक्याचे कुणी पैसे देत नाही.

संध्याकाळी भाई नमाजाला गेले
तेव्हा पस्तीस अंगात घातलं.
खांद्यात बसलं.
खाली खिळे किलोवर विकत होते,
तराजूचा आवाज वरपर्यंत येत होता.
कानामागून घाम उतरला, पाठीला लागला.
चेन हनुवटीपर्यंत ओढून
पंख्यासमोर उभी राहिले, डोळे मिटून, पाच मिनिटं.
कुणाच्या वतीनं, ते मला विचारू नका.

मग घडी. नवी डांबरगोळी.
कार्ड होतं तिथंच परत.
आणि वहीत, चौतीसच्या खालच्या ओळीत,
लिहिलं : खिसे रिकामे.