दोन सेकंद

एयबारच्या नदीकाठच्या शेडमधलं हे मिलिंग मशीन
माझ्याहून नऊ वर्षांनी थोरलं.
हिरव्या अक्षरांचा पडदा, मेमरी मूठभर.
प्रोग्रॅम केबलमधून भरवावा लागतो,
हा घास चिऊचा, हा काऊचा.

नवं सॉफ्टवेअर फर्डं बोलतं.
याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
अख्खं वर्तुळ सांगितलं की अलार्म;
चार तुकडे करून दिलं तर मुकाट फिरतं.
टिंब द्यायचं राहिलं
तर दहा मिलिमीटरचे दहा मायक्रॉन समजतं
आणि जागच्या जागी नुसतं शहारतं.

म्हणून मी दुभाषा लिहितेय, रात्रपाळीत,
कोल्दोच्या तेलकट वहीवरून.
तो हिवाळ्यात निवृत्त झाला. फोन उचलत नाही.
वहीत एका ओळीखाली दोनदा रेघ:
स्पिंडल सुरू केल्यावर दोन सेकंद थांबणे.
कारण दिलेलं नाही.

मी ती ओळ गाळली.
दिवसाला तीनशे वेळा दोन सेकंद,
हिशोब सोपा होता.

सहाव्या जॉबला ड्रिल मोडलं.

आता कान देऊन ऐकते:
आधी खोल हुंकार,
मग पट्टा ताणल्याची कुरकुर,
मग कुठे ते उठून उभं राहतं.

दुभाष्यात मी तीन लिहिले.