उच्चार

सकाळपासून खझरी सुटलाय.
कॅस्पियनवरून येणाऱ्या या वाऱ्याला तेलाचा वास असतो,
आम्हाला तो येत नाही.
पाहुण्यांना येतो. ते नाक चोळतात, मग हसतात,
दुपारपर्यंत त्यांनाही येईनासा होतो.

मी मधल्या खुर्चीत. मधली म्हणजे
किंचित मागे, दोन खांद्यांच्या फटीत,
जिथून फोटोत फक्त माझा कान येतो.

बारीक कमरेच्या पेल्यांतून चहा आला,
पांढऱ्या चेरीचा मुरंबा आला,
मग आकडे आले: घनमीटर, वर्षं, नळाची जाडी.
आकडे भाषांतराला सोपे.
दोन्ही भाषांत सारखेच हावरे असतात.

उपमंत्री योरिस वाईट माणूस नाही.
जेवताना त्याने सांगितलं,
त्याची आई वृद्धाश्रमात दोन स्वेटर घालून बसते,
हीटरवर हात ठेवते, हीटर कोमट,
आणि फोनवर विचारते, "तू सरकारात आहेस ना रे?"
हे मी आमच्या भाषेत सांगितलं तेव्हा
आमचे मंत्रीमहोदय खरोखर हळहळले.
म्हाताऱ्या माणसांची थंडी त्यांना बघवत नाही.

तुरालच्या कोठडीच्या खिडकीला काच नाही.
हे कुणी बोललं नाही,
म्हणून मी भाषांतर केलं नाही.

शेवटी योरिसने घड्याळ पाहिलं,
फाइलच्या तळाचं पान वर घेतलं
आणि म्हणाला, "आम्हाला चिंता वाटते."

चिंतेला आमच्याकडे तीन शब्द आहेत.
एक तापलेल्या पोराच्या उशाशी बसतो.
एक बँकेत बसतो.
एक नुसताच बसतो, सरकारी पत्रकात, पाय हलवत.
मी तिसरा दिला.
त्याने तोच मागितला होता, आवाजावरून कळतं.

मग सात नावं.
टाइप करणाऱ्याने घोळ घातलेला,
चौथं नाव 'टोरेल' झालेलं.
टोरेल नावाचं या शहरात कुणी नाही.
दुभाष्याने दुरुस्ती करू नये, हा आमचा पहिला धडा.
माझ्या तोंडून निघून गेलं: तुराल.
तुराल, आमच्या जिन्यातला,
ज्याने गणिताच्या तासाला
पाइपलाइनच्या कंत्राटाची बेरीज फळ्यावर मांडली
आणि मुलांना विचारलं, हातचे कुठे गेले?

मंत्र्यांनी चमचा खाली ठेवला.
माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच.
"तुमचे उच्चार," ते म्हणाले, "फार स्वच्छ आहेत."
योरिसने विचारलं, काय म्हणाले?
"माझं कौतुक केलं."
तो खूश झाला. त्याला वाटलं,
अवघड भाग निभावला.

सह्या झाल्या. पेनं ज्याची त्याने ठेवून घेतली.

संध्याकाळी झिवर खाला जिन्यात उभी, दिवा न लावता.
"नाव घेतलं त्यांनी?"
"घेतलं."
"मोठ्याने?"
"हो."
"आणि बरोबर?"
"बरोबर घेतलं, खाला."

नाव घेतलं. नाव ठेवलं नाही कुणाला.
नावं ठेवायला इतक्या लांब कोण येतं,
तेही हिवाळ्याच्या तोंडावर.
एवढं मात्र मी गिळलं.
तिने माझ्या हातात एक डाळिंब दिलं,
तडकलेलं, बाजूला ठेवलेलं असावं कुणासाठी तरी.

वर आले. गॅस पेटवला.
निळी ज्योत, पहिल्याच काडीला.
इथे गॅस कधी कमी पडत नाही.

आता दाराला कान लावून बसलेय,
तोच, फोटोतला.
खाली पावलं वाजली की स्वतःचं नाव हळूच म्हणून बघते.
आफाग. आफाग.
पुढच्या वर्षी कुठल्याशा टेबलावर कुणी ते वाचेल,
चुकीचंच वाचेल,
आणि फटीतल्या खुर्चीत दुसरी कुणी बाई असेल.

तिने ते तसंच पुढे द्यावं.
तिच्याही जिन्यात
पावलं वाजत असतील.